फलाटावरचा वाडगा आणि आपली पंगत

परवा पुतण्या पुण्याहून आला होता. जेवताना विषय निघाला जपानचा. आम्ही दोघं २०२४ च्या एप्रिलात धाकट्या लेकीकडे तीन आठवडे राहून आलो. त्याला आता बराच काळ लोटला, पण घरात कोणी आलं की मी तेच तेच सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. पुतण्या म्हणाला, "नाना, लोक जपानला जाऊन आले की फुजीचा डोंगर सांगतात, बुलेट ट्रेन सांगतात. तुम्ही एवढा खर्च करून गेलात आणि सांगता काय, तर स्टेशनावर उभं राहून नूडल्स खाल्ल्या!" सगळे हसले. मीही हसलो. मग तो पुढे म्हणाला, "आणि आपल्याकडे आता स्टेशनावर खातंय कोण? मोबाइलवर सांगितलं की सीटवर येतं. स्टँडवरच्या खाण्याचं तर नावच काढू नका."

पानं वाढलेली होती म्हणून मी गप्प बसलो. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसणं फार जड जातं. त्या दिवशीचं राहिलेलं उत्तर आता लिहितो आहे. त्याने वाचावं, आणि त्याच्यासारखंच ज्यांना वाटतं त्या बाकीच्या नातेवाइकांनीही वाचावं.

आधी एक कबुली. परदेशात पंधरा दिवस राहून आल्यावर इथल्या लोकांना शहाणपण शिकवणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. स्टाफरूममध्ये असा एकजण सिंगापूरहून आला की आम्ही तास नसतानाही वर्गावर जायचो. आता मीच त्यातला झालो आहे, त्याला इलाज नाही. पण मला सांगायचंय ते जपानचं कौतुक नाहीच. मला सांगायचंय ते आपल्या स्टँडबद्दल. जपान मध्ये येतं कारण आपल्या हातून काय गेलं ते मला तिथे त्या फलाटावर कळलं.

तर झालं असं. लेक-जावई टोकियोत निशी-कासाई भागात राहतात. तिथे आपली इतकी माणसं आहेत की भाजीच्या दुकानात मराठी ऐकू येतं. ज्या एदोगावा वॉर्डात तो भाग येतो, तिथून २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडूनसुद्धा आले. जावयांना सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही हिमेजीचा किल्ला बघायला गेलो. किल्ला पांढराशुभ्र, बघण्यासारखा आहे, पण त्याचं वर्णन कुठेही मिळेल. परत निघताना लेक म्हणाली, "आप्पा, इथे फलाटावर एक खायची गोष्ट आहे, ती चुकवायची नाही." (घरात लेकीचा मी आप्पा आणि पुतण्यांचा नाना. माणूस एकच.)

फलाटावर एक टपरीवजा दुकान. दारावर कापडी पडदा, बाहेर एक यंत्र. यंत्रात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते. ती चिठ्ठी फळीवर ठेवायची. आत एक बाई, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. तिने नूडल्सची गुंडी जाळीच्या गाळणीत टाकली, उकळत्या पाण्यात बुचकळली, झटकली, वाडग्यात घातली, वरून रस्सा ओतला, त्यावर तळलेली एक चकती आणि कांद्याची हिरवी पात. मिनिटभराचं काम. बसायला जागा नाही, सगळे फळीला टेकून उभे. माझ्या डाव्या हाताला टाय बांधलेला एक माणूस, उजव्या हाताला बांधकामावरचा असावा असा, धुळीने पांढऱ्या झालेल्या कपड्यातला. पलीकडे शाळेचा पोरगा, दप्तर पायात धरून. सगळे एकाच आवाजात ओढताहेत. हो, आवाज करून खायचं! आयुष्यभर पोरांना सांगितलं की फुरके मारू नका, आणि इथे फुरका मारला नाही तर जीभ भाजते. आमची गाडी बारा मिनिटांनी होती. मी सात मिनिटांत वाडगा रिकामा केला आणि वर पाणी प्यायलो.

आमची सौभाग्यवती माळकरी. त्या रश्शात मासळी उकळलेली असते हे लेकीने आधीच सांगून टाकलं, त्यामुळे ती बाकावर बसून घरून नेलेली दशमी खात होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "अगदी स्टँडवर मिसळ खाताना दिसायचात तसेच दिसताय."

ती हे सहज बोलली, पण माझ्या डोक्यात ते बसलं. कारण ती मिसळच होती हो! कट म्हणजे तो रस्सा. फरसाणाच्या जागी ती तळलेली चकती. आधी कुरकुरीत, मग कटात भिजून मऊ होते, आणि अर्धी भिजलेली असताना सगळ्यात चांगली लागते. वर कांदा. तिखटाच्या नावाने मात्र शिमगा. फळीवर सात जिनसांची मसाला पूड होती, ती मी सढळ हाताने घातली, तरी आपल्या कांदा-लसूण मसाल्याची सर तिला येत नाही. खिशात पुडी होती. लेकीने डोळे वटारले म्हणून काढली नाही.

नंतर जावयांनी त्या खाण्याचा इतिहास सांगितला, मग मी स्वतःही थोडं वाचलं. हिमेजीच्या फलाटावर हे नूडल्स विकायला सुरुवात झाली १९४९ साली. देश युद्धात बेचिराख झालेला, गव्हाचं पीठ सरकारी नियंत्रणात. माकडाच्या हाती लागेल ते, म्हणतात तसं, मिळेल त्या पिठात प्रयोग करून बघितले. जपानी पद्धतीचे नूडल्स लवकर खराब व्हायचे. शेवटी चिनी पद्धतीचे, खार घातलेले पिवळे नूडल्स टिकतात म्हणून ते घेतले आणि रस्सा मात्र आपला जपानीच ठेवला. म्हणजे शुद्ध काहीच नाही. नड होती, तीतून काढलेली वाट. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेचा तांबडा मिलो आणि सुकडी खाऊन आम्ही दिवस काढले. फरक एवढाच की मिलोची आठवण आली की आजही आमची तोंडं वाकडी होतात, आणि त्यांनी त्यांच्या टंचाईच्या वाडग्याचं स्टेशनाचं भूषण केलं.

आता हिशेब, कारण पुतण्या हिशेबाचा माणूस आहे. तो वाडगा पडला चार-पाचशे येनांच्या दरम्यान, आपले अडीचशे रुपये धरा. "बघा, अडीचशे रुपयांच्या नूडल्स!" असं लगेच म्हणू नये. त्या वेळी हिमेजी ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोमध्ये किमान मजुरी तासाला १,००१ येन होती. म्हणजे तिथला सगळ्यात कमी मिळवणारा माणूस अर्ध्या तासाच्या आत एक गरम वाडगा कमावतो. त्याच एप्रिलपासून आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. (ही योजना मुळात ज्यांची, ते वि. स. पागे आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. हे मी वर्गात दर वर्षी सांगत असे.) आठ तासांनी भागा. तासाला सदतीस रुपये, अर्ध्या तासाचे साडेअठरा. साडेअठरा रुपयांत आमच्याकडे वडापावसुद्धा येत नाही, तो वीसला आहे. हायवेवर जिथे एसटी थांबते तिथल्या एका हॉटेलात मला मिसळीचे एकशे वीस मोजावे लागले. म्हणजे मजुराचे सव्वातीन तास. मग गाडी थांबल्यावर अर्धे लोक खाली उतरून नुसतेच पाय मोकळे करतात, ते काय भूक नसते म्हणून?

एसटीने अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा असा नियम काढला होता, हे मला माहीत आहे. चांगला नियम. तीस रुपयांचा नाश्ता मागितल्यावर काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे कसं बघितलं, तेही मला माहीत आहे. असो.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

मी अकरावीला होतो १९६७ साली. तेव्हा एसएससी अकरावीला असे. परीक्षेचं केंद्र इस्लामपूर, ज्याला आता ईश्वरपूर म्हणायचं. आमच्या वर्गात एक मुलगा होता, नाव लिहीत नाही, तेव्हा ज्या वस्तीला महारवाडा म्हणत तिथला. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. माझ्या वहीत त्याची गणितं असायची, त्याच्या वहीत माझे निबंध. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. पण आमच्या वाडीच्या हाटेलात चहा प्यायला गेलो की मी आत आणि तो बाहेर. त्याचा कप वेगळा, कान तुटलेला, वळचणीला उपडा घातलेला. तो स्वतःच घ्यायचा, चहा वरून ओतला जायचा, प्यायल्यावर स्वतःच विसळून परत तिथे ठेवायचा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झाला होता. वाडीतल्या वळचणीला त्याची खबर पोहोचली नव्हती. आणि मला, निबंधात समतेवर चार पानं लिहिणाऱ्याला, त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

पहिल्या पेपरच्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघालो. स्टँडवर उतरलो, पोटात कावळे. स्टँडच्या कँटीनच्या दारात तो थबकला. सवयीने वळचण शोधत असणार. आतला पोऱ्या ओरडला, "आत या की हो, दार अडवू नका, जागा हाय!" त्याला काय माहीत, कोण कुठल्या वाड्याचं. त्याच्यासमोर शंभर गाड्यांची माणसं रोज येऊन जाणार. आम्ही आत गेलो आणि एकाच बाकड्यावर समोरासमोर बसलो. दोन मिसळी आल्या, सारख्या ताटल्यांत. तो खाली मान घालून खात होता. आणि मी काय केलं? मी आधी इकडेतिकडे बघून घेतलं, आपल्या गावचं कोणी नाही ना. मगच पाव मोडला.

ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. इतिहासाच्या तासाला चवदार तळं शिकवलं, काळाराम मंदिर शिकवलं, हे नाही शिकवलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की एसटी स्टँडचं कँटीन म्हणजे नुसतं पोट भरायचं ठिकाण नव्हतं. पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला, पुण्याहून अहमदनगरला, हिमेजीच्या वाडग्याच्या एक वर्ष आधी. त्याआधीच्या काळात इंग्रजांच्या रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळं आणि मुसलमान पाणी वेगळं मिळायचं. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून मी ऐकलेलं आहे. अशा देशात स्टँडवरचं कँटीन ही माझ्या पिढीने पाहिलेली पहिली पंगत, जिथे शेजारी कोण बसलंय हे कोणी विचारत नव्हतं. विचारायला वेळच नव्हता, गाडी सुटेल ही भीती. मोठमोठ्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या घाईने केलं. ओळख नसलेल्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून, त्याच मोठ्या पातेल्यातलं गरम खाणं, तेवढेच पैसे देऊन. हिमेजीत टायवाला आणि धुळीवाला शेजारी उभे बघून मला तो पोऱ्याच आठवला.

आणि पुतण्या म्हणतो, सीटवर येतं!

अरे बाळा, सीटवर येतं ते ज्याला सीट आहे त्याला येतं. ज्याच्याकडे चार्जिंग आहे, खात्यात पैसे आहेत, स्टेशन यायच्या आधी तासभर ऑर्डर द्यायचं भान आहे, त्याला येतं. आमच्याकडून पहाटे पाचच्या गाडीने जी म्हातारी मिरजेला दवाखान्यात निघते तिला येत नाही. आणि ज्याला येतं तो डबा मांडीवर घेऊन, कानात बोंडं घालून एकटाच खातो. शेजाऱ्याला "घ्या थोडं" म्हणायची आपली जुनी सवय, तीसुद्धा गेली.

रेल्वेने जे चालवलंय ते बघा. १६ सप्टेंबर २०२४ पासून आमच्या कराड-किर्लोस्करवाडीवरून कोल्हापूर-पुणे वंदे भारत धावते. शिराळ्याला रेल्वे नाही, त्यामुळे आमचं स्टेशन कराडच, तेही गावात नसून ओगलेवाडीला. गाडी सुंदर आहे, नातवंडांना घेऊन बसलो. ज्याने तिकिटाबरोबर खाणं घेतलंय त्याच्यापुढे ट्रे येतो, चंदेरी कागदात गुंडाळलेला. दुसरीकडे, २०२३ पासून रेल्वेने जनरल डबे जिथे येतात त्याच्यासमोर स्वस्त खाण्याची टेबलं मांडली आहेत. वीस रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. पन्नास रुपयांत भातासारखं काहीतरी. मी या योजनेला नावं ठेवणार नाही. उपाशी माणसाला वीस रुपयांत सात पुऱ्या देणाऱ्याला नावं ठेवायची माझी योग्यता नाही. पण बघा, झालं काय? एकाच गाडीच्या दोन टोकांना दोन पंगती बसल्या. एक ट्रेची, एक पुरीच्या डब्याची. मधल्या फलाटावर, जिथे दोघांनी उतरून एकत्र खायचं, तिथे वेफर्सच्या माळा लटकताहेत.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे, गाड्या आता थांबतच नाहीत. हे खरं आहे. कर्जतला बोरघाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, तेवढा वेळ गाडी थांबते, म्हणून तर दिवाडकरांचा बटाटेवडा साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. घाटाने वडा दिला म्हणा ना. २०२३ साली सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत मागचं इंजिन न घेताच घाट चढते. उद्या सगळ्याच तशा झाल्या की वड्याचं काय? तर अगदी हेच जपानात घडून गेलेलं आहे. योकोकावा नावाचं स्टेशन उसुई घाटाच्या पायथ्याला. आपला बोरघाट सदतिसास एक चढाचा, त्यांचा पंधरास एक. तिथेही गाडीला जादा इंजिनं लावायला थांबावं लागे, आणि त्या थांब्यात ओगिनोया नावाचं दुकान १९५८ पासून मातीच्या भांड्यातला भात विकायचं. १९९७ ला बुलेट ट्रेन सुरू झाली आणि तो घाटाचा रेल्वेमार्गच बंद झाला. ज्याच्यामुळे गिऱ्हाईक थांबायचं तेच गेलं. पण भात गेला नाही. तो आजही त्याच मातीच्या भांड्यात मिळतो. म्हणजे गाडी थांबत नाही हे कारण खोटं नाही, पण पुरेसंही नाही.

तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. उत्तरेला होक्काइदोत ओतोइनेप्पु म्हणून हजारभरही वस्ती नसलेलं गाव आहे, त्याच्या स्टेशनातले काळे सोबा नूडल्स खायला लोक लांबून यायचे. २०२१ साली दुकानाचा म्हातारा मालक वारला आणि दुकान बंद झालं. तिथे निदान माणूस गेला म्हणून दुकान गेलं. आपल्याकडे माणूस धडधाकट असताना दुकान जातं.

ते कसं, ते सांगतो. आमच्या भागातल्या एका स्टँडवर, कुठल्या ते लिहीत नाही, एका माणसाचं कँटीन होतं. पहाटे साडेचारला स्टोव्ह पेटायचा. चहा, कांदाभजी, मिसळ, उपवासाला साबुदाण्याची खिचडी. नागपंचमीला शिराळ्यात मुंगीला शिरायला जागा नसायची तेव्हा हा माणूस तीन दिवस झोपायचा नाही. त्याची दोन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली. मग ठेक्याची मुदत संपली, नवी निविदा निघाली. जो जास्त भाडं देईल त्याला ठेका. त्याला ते भाडं परवडेना. ज्याला मिळाला त्यालाही परवडलं नाहीच, वर्षभरात तो सोडून गेला. दोन वर्षं शटर खाली. आता तिथे स्टॉल आहे. वेफर्स, बिस्किटं, रंगीत पाणी. सगळं बंद पाकिटात, सगळं दुसऱ्या गावात तयार झालेलं. उघडतो आठ वाजता. पाच वाजता मिरजेला निघालेल्या म्हातारीला कपभर गरम पाणीदेखील मिळत नाही.

रेल्वेच्या फलाटावरचे स्टॉलसुद्धा असेच जातात, परवाना शुल्क ज्याचं जास्त त्याला. जो जास्तीत जास्त भाडं देतो तो ते काढणार कुठून? एक तर तेल चार वेळा वापरून, नाहीतर शिजवणंच बंद करून. वेफर्सना गॅस लागत नाही, पाणी लागत नाही, पहाटे उठणारा माणूस लागत नाही. लिलावात शिजवणारा हरणारच. ही काही बाजाराची किमया नाही, हे आपण लावलेल्या अटींचं फळ आहे. गणित सोडवलंय बरोबर, उदाहरणच चुकीचं घातलंय.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा, आणि तो आमच्या सुनांचा लाडका आहे. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्टेशनावर कोणीतरी घाणेरड्या पाण्यात सरबत करताना पकडला गेला, चित्रफीत सगळीकडे फिरली. मध्य रेल्वेने काय केलं? सगळ्याच स्टेशनांवर लिंबू सरबत विकायला बंदी! एका पोराने कॉपी केली म्हणून परीक्षाच रद्द. त्या माणसाला पाण्याचा स्वच्छ नळ दिला असता, दर महिन्याला तपासणी केली असती, असं कोणाच्या मनात आलं नाही. मी हिमेजीला बघितलं ते असं, की झाकापाक काहीच नाही. पाणी डोळ्यांसमोर उकळतंय, नूडल्स डोळ्यांसमोर शिजताहेत. उकळत्या रश्शापेक्षा स्वच्छ काय असणार? बंद डब्यातलं खाणं कधी शिजलं, कोणी शिजवलं, काय ठाऊक? आपल्याला मात्र चंदेरी कागद दिसला की ते स्वच्छ वाटतं.

आणि सुनांना तरी काय बोलू? सहली मीच काढायचो. दर वर्षी निघायच्या आधी पोरांना रांगेत उभं करून दम द्यायचो, "स्टँडवर काही खाल्लंत तर याद राखा!" घरची चपाती-भाजी बांधून आणायला लावायचो. काही पोरांच्या डब्यात तेल-चटणीशिवाय काही नसायचं आणि ती कोपऱ्यात तोंड फिरवून खायची. तेव्हा मला ते दिसलं नाही. सगळ्यांना स्टँडवर रांगेत बसवून एकेक मिसळ दिली असती तर शाळेला काय मोठा खर्च आला असता!

सरकारला हे सुचतच नाही असंही नाही. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. चांगलं काम. पण ती दुपारची. स्टँडवरची भूक दुपारची वाट बघत नाही. २०२२ पासून रेल्वेने 'एक स्थानक एक उत्पादन' म्हणून स्थानिक लोकांना नाममात्र शुल्कात फलाटावर स्टॉल द्यायला सुरुवात केली आहे. कुठे चादरी, कुठे पापड-लोणची. म्हणजे लिलाव न करता जागा देता येते, हे रेल्वेला माहीत आहे! मग चादर विकायला जी सवलत, ती गरम ताटली विकायला का नाही?

मी गप्प बसलेलो नाही. गेल्या महिन्यात अर्ज केला आहे. साधा, एक पानाचा, मोडीसारख्या वाटणाऱ्या माझ्या अक्षरात नको म्हणून टाइप करून घेतला. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. स्टँडवरच्या कँटीनचा ठेका भाड्यावर न देता पदार्थाच्या दरावर द्या, जो सगळ्यात कमी दरात चांगलं गरम खाणं देईल त्याला. बचत गटाच्या बायकांना आधी विचारा. आणि पहिली गाडी सुटायच्या आधी अर्धा तास चूल पेटलीच पाहिजे, ही अट घाला. साहेबांनी अर्ज वाचला. म्हणाले, "गुरुजी, धोरणात्मक बाब आहे, वर पाठवतो." मी म्हटलं, पाठवा. जोडीला तुमचा शेरा पण पाठवा. त्यांनी चहा मागवला. तो बाहेरच्या गाड्यावरून आला, कारण स्टँडवर मिळत नाही.

तर पुतण्या, दिवाळीला तू येणार आहेस. गाडी घेऊन येऊ नकोस. पुण्याहून एसटीने ये, पेठ नाक्याला उतर, तिथून शिराळ्याची गाडी धर. नाक्यावर एक गाडा आहे, भजी चांगली तळतो, उभ्यानेच खावी लागतात. शेजारी कोण होतं ते मला घरी आल्यावर सांग.